महापुराच्या चित्रपटात आधी फेऱ्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी-कागवाड भागातल्या एका हौशी नाट्यमंडळाला ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर तीस-चाळीस मिनिटांचा चित्रपट करायचा आहे. कृष्णाकाठची एक वस्ती, तिथे अडकलेली माणसं आणि त्यांना बाहेर काढणारे बोटवाले, एवढी कथा. खरी घटना किती बदलावी, पाणी कसं उभं करावं, बचाव करणारे खोटे वाटू नयेत म्हणून काय करावं आणि परवानग्या कुठल्या लागतात, हे त्यांनी विचारलं आहे. पटकथेचा पहिला खर्डाही पाठवला आहे. त्यात पाण्याचा लोंढा येतो, घरं वाहून जातात आणि एक जवान उडी मारून लहान मुलीला वाचवतो.

हा खर्डा बाजूला ठेवा. तो वाईट लिहिलाय म्हणून नव्हे. कृष्णेचा पूर तसा येत नाही, आणि बचावकार्य तसं चालत नाही.

सुरुवात एका साध्या हिशोबापासून करा. स्लॅबवर १४ माणसं आहेत. रबरी बोटीत चालवणारा आणि त्याचा जोडीदार धरून दहा जण बसतात, म्हणजे एका खेपेला आठ माणसं बाहेर निघणार. कोण पहिल्या फेरीत जाणार आणि कोण मागे राहणार? दुसरी फेरी यायला पाऊण तास लागणार आहे आणि तासाभरात अंधार पडणार आहे. तुमचा चित्रपट इथे आहे. १९८९ साली राणीगंजच्या महाबीर कोळसा खाणीतून ६५ कामगार बाहेर आले, ते एका वेळी एकच माणूस मावेल अशा पोलादी कॅप्सूलमधून. उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात २०२३ साली ४१ मजूर १७ दिवस अडकले होते. यंत्र मोडलं आणि शेवटचं अंतर माणसांनी हातानं खोदलं. दोन्हीकडे श्वास रोखला जातो तो कामाच्या गतीमुळे आणि क्रमामुळे. एका वेळी एकच, आणि बाकीचे वाट बघतायत. पुरात हीच गोष्ट बोटीच्या फेरीत असते. म्हणून प्रसंग लिहिण्याआधी एका कागदावर फेऱ्या लिहा: फेरी क्रमांक, निघण्याची वेळ, बोटीत कोण, मागे कोण, पाणी कितव्या पायरीवर. हा कागद पक्का झाला की पटकथेचा कणा तयार होतो.

आता पाण्याचा स्वभाव. बेळगाव जिल्ह्यात दोन तऱ्हेचे पूर येतात आणि त्यांची सरमिसळ केली तर तुमच्या गावातला पहिला प्रेक्षकच उठून जाईल. गोकाकला घटप्रभा किंवा रामदुर्गला मलप्रभा चढते ती हिडकल आणि नविलुतीर्थ धरणांच्या विसर्गावर. तिथे वेग असतो, पुलाला पाणी थडकतं, बाजारपेठेत प्रवाह शिरतो. यडूर, मांजरी, जुगुळ, मंगावती, कुडची या कृष्णाकाठी पाणी चढत चढत येतं. आधी नदीकाठच्या मळीच्या शेतात, मग गोठ्यात, मग उंबऱ्याला. लोक चुलीजवळ विटेवर खूण करतात आणि रात्रीतून दोनदा उठून बघतात. आलेलं पाणी मग आठ-दहा दिवस हलत नाही. इथली भीती लोंढ्याची नाही. ‘२००५ ला या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्यावर येणार नाही’ या खात्रीची आहे. २०१९ ला ती खात्री खोटी ठरली. माणसं घरात का थांबली, हे प्रेक्षकाला या एका वाक्यातून कळतं. ते वाक्य घरातल्या सगळ्यात जाणत्या माणसाच्या तोंडी द्या. तो मूर्ख दिसता कामा नये. त्याचा अनुभव खराच होता.

तारखांचा आधार घ्या. त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती, बकरी ईद १२ ला आणि राखीपौर्णिमा १५ ला. म्हणजे वारुळाच्या पूजेच्या दिवशी पाणी चढतंय, आणि राखी बांधायची वेळ आली तेव्हा माणसं गंजी केंद्रात आहेत. गंजी केंद्र हाच शब्द वापरा. कर्नाटकात निवारा केंद्राला लोक हेच म्हणतात, आणि ‘छावणी’ म्हटलं की गोष्ट नदीपलीकडे महाराष्ट्रात गेल्यासारखी वाटते. १५ ला पौर्णिमा, म्हणजे ८ च्या सुमारास अर्धा-पाऊण चंद्र, तोही ढगाआड. रात्रीचा प्रसंग निळ्या चांदण्यात न्हाऊ घालू नका. वीज तोडलेली आहे. उजेड म्हणजे बॅटरी, कंदील आणि चार्जिंग संपत आलेला मोबाइल.

माणसांशी बोलताना घाई नको. ‘त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न विचारूच नका. त्यानं माणूस एकतर रडतो, नाहीतर टीव्हीवर ऐकलेलं सांगतो. हातात काय होतं, पायात काय होतं, शेवटचं जेवण कधी आणि काय झालं, बोटीचा आवाज कुठल्या दिशेनं आला, असं विचारा. आठवण वस्तूंना चिकटलेली असते. मुलाखतीला घरातलं दुसरं माणूस सोबत असू द्या. बोलणारा गप्प झाला तर कॅमेरा बंद करा आणि तो पुन्हा सुरू करायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्याकडे ऑगस्टात जाऊ नका. नुकसानभरपाई मिळवून देऊ, बातमी लावू, असा शब्द चुकूनही देऊ नका. दिवसभराची मजुरी बुडत असेल तर तेवढी रक्कम उघडपणे द्या.

संमती दोन वेळा घ्यायची. पहिली मुलाखतीआधी, दुसरी पटकथा वाचून दाखवल्यावर. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण पहिल्या वेळी त्यांना तुम्ही काय करणार आहात हे कळलेलंच नसतं. संमतिपत्र त्यांना वाचता येईल त्या भाषेत करा, मराठी किंवा कन्नड, आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल खटल्यात, ज्याला ऑटो शंकर प्रकरण म्हणतात, तत्त्व घालून दिलं आहे: जे सार्वजनिक नोंदीत आहे ते मांडता येतं, खाजगी आयुष्य मांडायला संमती लागते. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ अशी पाटी लावून खालून ओळखू येईल असा माणूस दाखवला तर ती पाटी तुम्हाला वाचवत नाही.

काय बदलावं? वाचवणारी माणसं एकत्र करा. दोन बोटवाले आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य यांचं मिळून एक पात्र चालतं, त्यात कुणाचं काही जात नाही. तास पुढे-मागे करा. वस्तीला कल्पित नाव द्या. पण गेलेल्या माणसांना एकत्र करू नका, त्यांच्या मरणाचं कारण बदलू नका आणि नाट्यासाठी एक मृत्यू वाढवू नका. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावातलीच बोट उलटली आणि माणसं गेली. तुमच्या कथेत अशी बोट येणार असेल तर कुणाच्या तरी चुकीचा शोध घेत बसू नका. जादा माणसं का चढली ते दाखवा: किनाऱ्यावर आई राहिलीय, मागून पाणी येतंय, पुढची फेरी होईल की नाही ठाऊक नाही. बोटवाला ‘बस्स’ म्हणतोय आणि कुणीतरी कडेवरचं पोर वरून देतंय.

खलनायकाचा मोह इकडच्या भागात हमखास होतो. नदीच्या वरच्या अंगाचे लोक अलमट्टी धरणाचं नाव घेतात, खालच्या अंगाचे कोयनेचं. महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारण नसल्याचा निष्कर्ष काढला, तरी वाद मिटलेला नाही. चाळीस मिनिटांच्या चित्रपटात तो मिटवायला जाऊ नका. स्लॅबवरच्या माणसाला रेडिओवर ‘इतके लाख क्युसेक’ ऐकू येतं आणि त्याचा अर्थ लागत नाही, हे दाखवा. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. तो आकडा त्याच्या दृष्टीनं फक्त ‘अजून किती पायऱ्या’ एवढाच असतो.

भाषेबद्दल एक सूचना आग्रहानं करतो. वस्तीतलं घर मराठी, शेजारचं कन्नड, दोघंही दोन्ही बोलतात. तहसील कार्यालयाची दवंडी कन्नडमध्ये, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कुठून कुठून आलेले, त्यांचे हुकूम हिंदीत. हे सगळं तसंच ठेवा. किनाऱ्यावरून कुणीतरी ‘लगू बर्री, लगू बर्री’ (लवकर या) असं कन्नडमध्ये ओरडतंय, आजी म्हणते ‘माझी पेटी राह्यली की रं’, आणि जवान म्हणतो ‘अम्मा, बैठ जाइए’. त्याला पेटी कळलेली नाही. त्या पेटीत घरपट्टीची पावती आणि सातबाऱ्यासारखा शेताचा उतारा आहे, इथल्या भाषेत आर.टी.सी. ती पेटी हरवली तर पडलेलं घर तिचंच होतं हे तिला सिद्ध करावं लागणार आहे. जवानाला जे कळत नाही ते पडद्याखाली भाषांतर देऊन प्रेक्षकाला लगेच समजावू नका. मधला गावचा पोरगा दोघांकडे बघतो आणि म्हणतो, ‘आज्जी, आदी खाली बैस, पेटी मी आणतो.’ तो आणणार की नाही, हे पुढच्या फेरीपर्यंत लटकू दे.

बोटीचं काम नेमकं दाखवा. राष्ट्रीय दलाची तुकडी साधारण ४५ जणांची असते, पण एका बोटीवर दोन-तीनच जवान दिसतील. बोट घराजवळ येते ती प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून. उलट बाजूनं आली तर पाणी तिला भिंतीवर आपटतं. पुढच्या टोकाला बसलेल्याच्या हातात बांबू असतो. तो सतत पाण्याखाली चाचपत असतो, कारण खाली तारेचं कुंपण आहे, मोटारीचं पेटीघर आहे, बांध आहे. कृष्णाकाठी बोट उसाच्या फडावरून जाते, आणि पाचट, साडी किंवा ठिबकची नळी पंख्यात गुंतली की इंजिन बंद पडतं. मग इंजिन वर उचलून पंखा हातानं मोकळा करायचा, तोवर बोट वाहत चाललेली. असा एक प्रसंग तुमच्या उडीच्या प्रसंगापेक्षा जास्त घाम फोडेल. विजेच्या तारा आता हाताला लागतील इतक्या खाली आहेत. हेस्कॉमनं, म्हणजे इथल्या वीज कंपनीनं, लाइन बंद केलीय की नाही याची खात्री करून घेणारा एक फोन असू द्या. माणूस चढताना बोटीचा पंखा फिरता ठेवत नाहीत. चढलेल्यानं उभं राहायचं नाही, तळाशी बसायचं. पहिल्या माणसाला डावीकडे घेतलं तर दुसऱ्याला उजवीकडे.

बुडणाऱ्यासाठी उडी हा शेवटचा उपाय आहे. आधी हात किंवा काठी पुढे करायची, मग दोर फेकायचा, मग बोट न्यायची. शिकलेला जवान या क्रमानंच जाईल. पहिल्याच क्षणी उडी मारणारा जवान दाखवला तर ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते टोचतं. गावचे पोहणारे वेगळे. ते ट्रॅक्टरची ट्यूब घेतात, प्लास्टिकची बॅरलं बांधतात, गुऱ्हाळाची काहील सोडतात. काहील गोल असते, एका जागी फिरते, म्हणून दोघं समोरासमोर बसून वल्हवतात. हे दृश्य दुसऱ्या प्रदेशात सहसा मिळणार नाही.

छातीवर दाब देण्याचा प्रसंग असेल तर बुडालेल्याला उलटं धरणं, पोट दाबून पाणी काढणं, हे दाखवू नका. चित्रपट बघून लोक तेच करतात. बुडालेल्याला आधी तोंडावाटे श्वास द्यायचे, मग ३० दाब आणि २ श्वास या प्रमाणात, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या गतीनं. जिवंत कलाकाराच्या छातीवर खरा दाब कधीच देऊ नका. बरगडी मोडते. जवळचं दृश्य बाहुलीवर घ्या आणि लांबून घेताना कोपरातून हात वाकवून नुसता आभास करा.

एक प्रसंग पूर्ण सांगतो, कारण अशा कथेत जनावर आलंच. इकडची माणसं घर सोडायला तयार होतात, म्हैस सोडायला तयार होत नाहीत. गोठ्यात मांडीइतकं पाणी आहे. बाई दावं सोडायला जाते. दोन दिवस भिजून दोर फुगलाय, गाठ दगडासारखी झालीय. ती नखानं उकलू बघते, दातानं ओढते. म्हैस मान झटकते आणि गाठ आणखी आवळते. बाहेर इंजिनाचा आवाज. ती आढ्याला खोचलेला विळा काढते आणि दावं कापते. कापलेला तुकडा हातात राहतो. बोटीत बसल्यावरही तो तिच्या मुठीत आहे. यात संवाद एकही नको. पार्श्वसंगीतही नको.

हा प्रसंग खऱ्या म्हशीला पाण्यात उभं न करता घेता येतो आणि तसाच घ्यावा. चित्रपटात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते आणि सेन्सॉरकडे तिचा कागद मागतात. पाण्यात उभ्या केलेल्या जनावराला ती मिळवणं अवघड. कोरड्या गोठ्यात मान आणि शिंगं एवढंच परवानगीनं घ्या. गाठ, हात आणि विळा टाकीत घ्या. बाकी आवाजावर सोडा.

टाकी म्हणजे काय ते सांगतो. वाहत्या पाण्यात चित्रीकरण करायचं नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. खऱ्या पुरात जाऊन ‘फुकटात दृश्य’ आणणं हा बचाव करणाऱ्यांच्या कामात अडथळा आहे. शेतात ४० बाय ३० फुटांचा आणि अडीच फूट खोल खड्डा घ्या, शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा, कडांना माती भरलेली पोती लावा. यात सुमारे ८५,००० लिटर पाणी मावतं, १०,००० लिटरचे नऊ टँकर. खोली अडीचच फूट का? कलाकार गुडघ्यावर बसला की पाणी काखेपर्यंत येतं, म्हणजे उभ्या माणसाच्या हिशोबानं सव्वाचार फूट. घराची चौकट पूर्ण साडेसहा फुटांची लावू नका. वरचा तुकडाच लावा, पाण्यावर सव्वादोन फूट. खिडकी, कोनाडा, देव्हारा सगळं याच मापानं खाली आणा. प्रेक्षकाला छातीभर पाणी दिसतं आणि कुणाला भीती वाटली तर तो नुसता उभा राहतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित युक्ती हीच. चूक होते ती इतकीच की एखादा कलाकार विसरून उभा राहतो आणि चौकट त्याच्या हनुवटीशी येते. म्हणून प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू करण्याआधी ‘गुडघे’ असा आवाज द्यायचा नियम करा.

पाण्याचा रंग. घाटावरून आलेली माती असल्यामुळे पुराचं पाणी चहासारखं तांबूस असतं. काळ्या रानात घर असलं तरी पाणी काळं दिसत नाही. कपड्यांचे किंवा होळीचे रंग वापरू नका, अंगावर पुरळ येतो. गेरू आणि शाडूची माती कापडातून गाळून मिसळा. शाडू जास्त वेळ तरंगत राहतो, नुसती शेतातली माती अर्ध्या तासात तळाशी बसते आणि दुसऱ्या दृश्यात पाणी नितळ दिसतं. दोन छोटे पंप तळाचं पाणी सतत ढवळत ठेवा आणि दृश्य घेताना बंद करा. गढूळ पाण्यात क्लोरीन फार टिकत नाही, म्हणून टाकी स्वच्छ पाण्यानं भरा, निर्जंतुक करा आणि माती चित्रीकरणाच्या दिवशीच मिसळा. तीन दिवसांच्या वर तेच पाणी ठेवू नका. जखम असलेल्या कुणालाही आत उतरवू नका.

नदीची मोठी दृश्यं लागतीलच. ती कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यावर, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसल्यानंतर, डिसेंबरच्या आसपास घ्या. तेव्हा पाणी भरपूर आणि संथ असतं. पुढे उसाचा उपसा वाढला की पातळी उतरते. पाटबंधारे खात्याकडून लेखी परवानगी घ्या आणि त्या आठवड्यात वरून पाणी सोडणार आहेत का ते रोज सकाळी विचारा. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कुणालाही जाऊ देऊ नका. सांडव्याखाली पाणी जागच्या जागी गुंडाळतं आणि पट्टीचा पोहणाराही त्यातून बाहेर येत नाही. कॅमेऱ्याची बोट वेगळी, सुरक्षेची वेगळी. सुरक्षेच्या बोटीवर कॅमेरा, खुर्ची, जेवणाचे डबे काहीही ठेवायचं नाही. पाण्यातल्या दर चार कलाकारांमागे एक पोहणारा ठेवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. शिट्टी वाजली की सगळं थांबणार, दिग्दर्शकाचं वाक्य अर्धवट असलं तरी. पाण्यात उतरताना डोकी मोजा, वर आल्यावर पुन्हा मोजा. नऊवारी किंवा सहावारी भिजली की पायात अडकते आणि जड होते, म्हणून साडी शिवून घ्या आणि आत तरंगणारं जाकीट बसेल असं पोलकं करा.

थंडीचं विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत इकडे सकाळी पाणी अंग कापायला लावतं. कलाकार वीस मिनिटं आत, मग बाहेर, कोरडं घोंगडं आणि गरम काहीतरी. ओठ निळे पडून बोलणं जड झालं तर त्या दिवसापुरतं त्याचं काम संपलं. लहान मूल असेल तर नियम ठरलेले आहेत: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि मानधनातले निदान २० टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत. पाण्यातल्या प्रसंगात मूल वीस मिनिटंही नको, दहा पुरेत. लांबून दिसणारं मूल म्हणजे कापडात गुंडाळलेली बाहुली.

विजेचं काम माहीतगाराकडूनच करून घ्या. जनरेटरला अर्थिंग, प्रत्येक लाइनवर ३० मिलिअँपिअरची गळती रोखणारा ब्रेकर, केबल जमिनीवर न टाकता बांबूवर, आणि पाण्याच्या काठापासून दहा फुटांत फक्त बॅटरीवरचे दिवे. पाऊस पाडायचा तर दिवा पावसाच्या मागे ठेवा. समोरून उजेड टाकला तर थेंब दिसतच नाहीत, आणि मग लोक पाण्याचा दाब वाढवत बसतात. पावसाला पाणी किती लागेल याचा अंदाज घ्यायला २०० लिटरचं बॅरल किती सेकंदात भरतं ते मोजा. पाच मिनिटांच्या दृश्याला सहा वेळा रिटेक धरला तर टँकर किती लागतील ते लगेच कळतं.

चित्रीकरणाचा क्रम पुराच्याच क्रमानं ठेवा. आधी कोरडं घर, मग घोटा, मग गुडघा, मग छाती. एकदा भिजलेली भिंत चार दिवस वाळत नाही. दर दृश्याच्या नोंदवहीत पाण्याची उंची इंचात लिहा आणि भिंतीच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूवर पट्टी रंगवा. जमिनीवर दिवसाला पटकथेची चार पानं होत असतील तर पाण्यात दीड पान धरा. पहिल्या दिवशी तेवढंही होत नाही.

हेलिकॉप्टर दाखवायला पैसे नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. वर बघणारे चेहरे, मोठ्या पंख्यानं उडणारे पदर, पाण्यावर पसरणाऱ्या गोल लाटा आणि आवाज एवढ्यात काम होतं. ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा तपासा, विशेषतः सांबरा विमानतळ आणि बेळगावच्या लष्करी भागाच्या आसपास. गावकऱ्यांच्या मोबाइलमधली २०१९ ची चित्रफीत वापरायची तर जिनं किंवा ज्यानं ती काढली त्यांची लेखी परवानगी हवी. व्हॉट्सॲपवर फिरत आली म्हणजे ती सगळ्यांची झाली असं नाही. आणि त्यात कुणाचा मृतदेह असेल तर परवानगी मिळाली तरी वापरू नका.

गणवेश. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे पथकात सैनिक दाखवावेसे वाटणं साहजिक आहे. सैन्यावरच्या चित्रपटांना संरक्षण मंत्रालयाचं ना हरकत पत्र असावं असं मंत्रालयानं २०२० मध्ये सेन्सॉर मंडळाला कळवलं होतं. छोट्या मंडळाला त्यात वर्ष जाऊ शकतं. राष्ट्रीय दलाचं चिन्ह वापरायचं तरी त्यांची परवानगी मागा. नाहीतर साधे नारिंगी कपडे, चिन्ह नाही, आणि नाव फक्त ‘पथक’. मात्र ते कपडे पहिल्या दृश्यापासून मळलेले, बाह्यांवर चिखल वाळलेला आणि बूट कायम ओले असू द्या. तिसऱ्या दिवसाचा जवान पहिल्या दिवसासारखा ताजा दिसला की सगळं नाटक वाटतं. त्याच्या हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते, तेवढं एकदा जवळून दाखवा.

आवाजाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. संथ पुरात रात्री जवळजवळ शांतता असते. बेडूक, छपरावर अडकलेलं कुत्रं, लांबवर भिंत पाण्यात बसल्याचा ‘धप्प’. त्या शांततेत इंजिनाचा बारीक आवाज दोन मिनिटं आधी येऊ लागतो आणि सगळे माना वळवतात. तो आवाज कधी जवळ येतो, कधी वाऱ्यानं लांब जातो. याखाली व्हायोलिन घातलं तर मेहनत पाण्यात गेली.

तुमच्या खर्ड्यात गोष्ट गंजी केंद्रात पोहोचून संपते. ती आणखी थोडी पुढे न्या. मातीच्या बऱ्याच भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळतात. आत शिरलेलं पाणी भिंतीला दोन्ही बाजूंनी धरून असतं. ते उतरलं की भिजलेल्या मातीला स्वतःचं वजन पेलत नाही. माणसं घर बघायला परत येतात ती हीच वेळ. बोटवाला पोरगा पेटी घेऊन आजीच्या दारात आलाय. भिंतीवर पाण्याची सरळ रेघ आहे, त्याच्या डोक्याच्या वर. आत जायचं की नाही, तो उंबऱ्याशी थांबतो आणि भिंतीला हात लावून बघतो.

पहिलं प्रदर्शन त्याच वस्तीत करा, बेळगावच्या सभागृहात नंतर. पण त्याही आधी, ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना वेगळं बसवून दाखवा, दिवसा, दार उघडं ठेवून, म्हणजे मध्येच उठून जाता येईल. त्यांनी एखादं दृश्य काढायला सांगितलं तर काढता येईल इतका वेळ हाती ठेवूनच पुढची तारीख जाहीर करा.